व्हिडिओ थांबवा, कागद घ्या

गणिताचा व्हिडिओ संपतो. "एकदम क्लिअर झालं," असं पोरगं सांगतं. आता तेच उदाहरण आकडे बदलून त्याच्यापुढे ठेवा.

पेन्सिल हलत नाही.

पोराला रागावू नका. 'वेरिटासियम' ही विज्ञानवाहिनी चालवणाऱ्या डेरेक म्युलरने २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. भौतिकशास्त्राचे वेगवेगळ्या तऱ्हेचे व्हिडिओ त्याने विद्यार्थ्यांना दाखवले. एका तऱ्हेत स्वच्छ, सोपं, मुद्देसूद स्पष्टीकरण. दुसरीत लोकांच्या डोक्यातल्या चुकीच्या समजुती आधी मांडलेल्या आणि मग खोडून काढलेल्या. पहिला व्हिडिओ बघणाऱ्यांना तो सोपा वाटला, आत्मविश्वासही वाढला. चाचणीतले गुण मात्र जवळपास होते तिथेच राहिले. दुसरा बघणारे गोंधळले.

आणि शिकले तेच.

हे सांगायचं ते गणिताचे, अल्गोरिदमचे व्हिडिओ करणाऱ्या छोट्या मंडळींना. दिवसा शाळा किंवा कंपनी, रात्री टेबलावर मोबाइल उलटा टांगून रेकॉर्डिंग. पंखा बंद, कारण आवाजात घरघर येते. सबस्क्रायबर चारशे, त्यातले निम्मे ओळखीचे. ही माणसं मला फार मोलाची वाटतात. म्हणूनच त्यांच्याशी रोखठोक बोललं पाहिजे.

आधी हिशेब मांडू.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायचा तर नेहमीच्या लांबीच्या व्हिडिओंसाठी १,००० सबस्क्रायबर हवेत आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं हवं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. दहा मिनिटांच्या व्हिडिओवर माणूस सरासरी चार मिनिटं टिकला असं धरू. मग लागतात ६०,००० व्ह्यूज. तेही एका वर्षात. मराठीत. 'वर्तुळाची स्पर्शिका' या विषयावर.

बोर्डाच्या परीक्षेआधी महिनाभर मिळतीलही. एप्रिलमध्ये स्पर्शिकेला कोण विचारतं?

बरं, उंबरठा ओलांडला तरी जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के तुमचे. शॉर्ट्सवर ४५. या रकमेत घर चालत नाही, हे छोट्या वाहिनीवाल्यांना माझ्याआधी कळलेलं असतं. पैसा येणार नाही, हे पक्कं ठाऊक असतं.

मग पैशाच्या बाजाराचे नियम का पाळायचे?

हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे. कारण रोज दिसतं ते उलटंच. चारशे सबस्क्रायबरवालाही पहिल्या पाच सेकंदांत ओरडतो. थंबनेलवर डोळे विस्फारलेला चेहरा, लाल बाण, 'हे तुम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही!' हे शब्द. आत बघावं तर शाळेत सातवीला शिकवलेलंच असतं.

यूट्यूबने २०१२ पासून शिफारशींसाठी नुसत्या क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला जास्त वजन दिलं. म्हणजे माणूस पडद्याला चिकटून राहिला पाहिजे. आता विचार करा, गणित शिकणारा माणूस काय करतो? व्हिडिओ थांबवतो. कागद ओढतो. दहा मिनिटं खरडतो. अडतो, उठतो, चहा पितो, कदाचित त्या दिवशी परत येतही नाही.

यूट्यूबच्या वहीत तो तोटा. गणिताच्या वहीत तीच कमाई.

लाखो प्रेक्षक असलेल्याला हा तोटा परवडत नाही. त्याच्याकडे संपादक असतो, जाहिरातदार असतो, भाडं असतं. चारशेवाल्याला परवडतो. गमावण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. त्याचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे, आणि तोच ते वापरत नाही.

उलट तो ट्रिक विकायला बसतो.

९७ गुणिले ९६. 'तीन सेकंदांत उत्तर!' ९७ हा शंभराला ३ कमी, ९६ हा ४ कमी. ९७ मधून ४ वजा, ९३. तीन चोक बारा. उत्तर ९३१२. बरोबर आहे. टाळ्या. व्हिडिओ संपला.

संपला कसा? आत्ता तर सुरू व्हायला हवा होता. हे का जमतं? शंभरातून अ कमी आणि शंभरातून ब कमी, यांचा गुणाकार उलगडून मांडा. शंभर पट (१०० – अ – ब), अधिक अ गुणिले ब. बस. दहावीच्या मुलाला दोन ओळींत लिहिता येतं. आणि ते लिहिलं की त्याला हेही कळतं, की ८७ गुणिले ८६ ला तेरा गुणिले चौदा करताना हातचा कुठून येतो. ट्रिक पाठ केलेला मुलगा तिथे गडबडतो. कारण समजलेला गडबडत नाही.

अशा ट्रिकांना वेदांचं नाव लावलं की काम आणखी सोपं होतं. भारती कृष्ण तीर्थांचं पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातली सूत्रं वेदांमध्ये सापडत नाहीत, आणि एस. जी. दाणींसारख्या गणितज्ञांनी हे अनेकदा लिहून ठेवलं आहे. पण माझी तक्रार वंशावळीची नाही. कारण न सांगण्याची आहे.

मोठेही घसरतात. जानेवारी २०१४ मध्ये 'नंबरफाइल' या नामांकित वाहिनीने दाखवलं, की १ + २ + ३ + ४ असं अनंतापर्यंत मिळवत गेलं की उत्तर येतं उणे एक बारांश. जग थक्क झालं. त्यामागे खरं गणित आहे, रामानुजनने १९१३ मध्ये गणितज्ञ हार्डीला लिहिलेल्या पत्रात ते आहे. पण ती नेहमीची बेरीज नाही. तिथे 'बराबर' या चिन्हाला वेगळा अर्थ दिलेला असतो, आणि तो अर्थ व्हिडिओत नीट सांगितलेला नव्हता. बर्कार्ड पोल्स्टर या गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या 'मॅथलॉजर' वाहिनीवर २०१८ मध्ये लांबलचक व्हिडिओ करून एकेक पायरी तपासली.

थक्क करायला काही मिनिटं पुरली. दुरुस्त करायला चार वर्षं लागली.

आता ॲनिमेशन. छोट्या मंडळींचा सगळ्यात मोठा मोह हाच. ग्रँट सँडरसनने २०१५ मध्ये 'थ्री ब्ल्यू वन ब्राउन' ही गणितवाहिनी सुरू केली, चित्रं हलवण्यासाठी पायथनमध्ये स्वतःच 'मॅनिम' लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट मिळतं. उत्तम आहे. २०२१ मध्ये जेम्स श्लॉसबरोबर त्याने नव्या लोकांसाठी गणित समजावण्याची स्पर्धाही सुरू केली. दारं उघडणारा माणूस आहे.

लोकांनी मात्र त्याची काळी पार्श्वभूमी उचलली. निळे बाण उचलले. मागचं पियानोचं संगीत उचललं.

विचार तिथेच राहिला.

चित्र कधी लागतं आणि कधी नाही, हे त्याच्याही आधीच्या लोकांना ठाऊक होतं. १९८१ साली टोरंटो विद्यापीठाच्या रोनाल्ड बेकरने 'सॉर्टिंग आउट सॉर्टिंग' नावाची अर्ध्या तासाची फिल्म केली. संख्या क्रमाने लावायच्या नऊ पद्धती. आणि शेवटी नऊंची एकत्र शर्यत. जलद पद्धती काम उरकून थांबलेल्या, मंद पद्धती अजून रखडलेल्या. फरक डोळ्यांना दिसतो. तिथे चित्र लागतंच.

रोमानियातल्या सापिएन्शिया विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये तर लोकनर्तकांना रांगेत उभं केलं. अंगावर आकडे, पाठीमागे हंगेरियन लोकसंगीत, आणि शेजारशेजारचे नर्तक एकमेकांशी तुलना करत जागा बदलतात. हा बबल सॉर्ट. बघताना आनंद होतो. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, शाळेच्या मैदानावर लेझीम पथक घेऊन उद्या करता येईल.

पण पुढचा प्रश्न त्या नाचाच्या पलीकडचा आहे. दहाजण रांगेत असले तर जास्तीत जास्त ४५ तुलना. हजारजण असले तर? ४,९९,५००. एक लाख असले तर? जवळजवळ पाचशे कोटी. तिथे 'मर्ज सॉर्ट' या जलद पद्धतीला पुरतात साधारण १७ लाख. दहाजणांच्या नाचात हा फरक जाणवत नाही. तो कागदावर गुणाकार करूनच कळतो. नाच दाखवून थांबलेला व्हिडिओ अल्गोरिदम दाखवतो. एक लाखापर्यंत नेलेला व्हिडिओ शिकवतो.

एवढं बोलल्यावर मी नुसता नकार देऊन थांबणार नाही. आपल्याच घरातलं एक उदाहरण आहे. मराठी माणसाचं, मराठी गावातलं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि मग निवृत्तीपर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांचे शोध लावायचे आणि छोट्या पुस्तिका स्वतः छापायच्या. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. मास्तर सत्तरीला पोचले होते.

स्वतःच्या खर्चाने, मोजक्या वाचकांसाठी, वर्षानुवर्षं. छोटा क्रिएटर आणखी कोणाला म्हणायचं?

त्यांची ६१७४ ही संख्या सगळ्यांनी ऐकलेली असते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता.

यावरचे शॉर्ट्स बघा. 'जादुई संख्या!' जादू दाखवली, बेल आयकॉन दाबा, संपलं.

का पोचतो, हे कोण सांगणार?

आता २१११ घ्या. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पुढे? ९९९ वजा ९९९, शून्य. जादू मेली. चूक कुठे झाली? उत्तर ०९९९ असं लिहायचं होतं, पुढचं शून्य जपायचं होतं. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. बहुतेक व्हिडिओंत शून्याचा हा नियम सांगितलेलाच नसतो. बघणाऱ्या मुलाने नेमकी २१११ घेतली तर त्याला वाटतं, आपलंच चुकलं.

आणि हाच प्रसंग प्रोग्रॅम लिहिताना येतो. संगणकाला ०९९९ ही संख्या म्हणून दिली की तो पुढचं शून्य टाकून देतो, मग अंक सुटे करताना तीनच मिळतात. उत्तर शून्य. कोड चालतो, कुठलीही तक्रार करत नाही, फक्त चुकीचं सांगतो. अल्गोरिदम म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. गणितात जे शब्दांत सांगायचं राहिलं, ते कोडमध्ये बिघाड होऊन बाहेर येतं.

बायनरी सर्च घ्या. यादी क्रमाने लावलेली, मधोमध बघायचं, अर्धी टाकायची. हजारांतून एक शोधायला दहा प्रश्न पुरतात. पोरंसोरं हा खेळ खेळतात. छापून आला १९४६ मध्ये. कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी पद्धत छापून यायला १९६० उजाडलं, अशी नोंद संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथने केली आहे. आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉकने जाहीर केलं, की जावाच्या लायब्ररीत त्यानेच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं दोष होता. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करायची. यादी १०७ कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज ठरलेल्या जागेत मावत नाही, ऋण होते.

इतक्या साध्या गोष्टीत साठ वर्षं चूक निघत राहते. आणि आपण ती साठ सेकंदांत आटोपतो?

घाई इथे आणखी एका कारणाने महाग पडते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच पत्त्यावर बदलून ठेवता येत नाही. तुकडा कापा, खाली टीप लिहा, नाहीतर काढून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा. चुकीचं वाक्य बोललं गेलं की ते बोललं जातच राहतं. म्हणून चढवण्याआधी दोन माणसांना दाखवा. ज्याला विषय येतो त्याला एकदा, आणि ज्याला अजिबात येत नाही त्याला एकदा. दुसरा जिथे अडतो तिथे तुमचा व्हिडिओ अपुरा आहे.

परत ६१७४. मास्तरांच्या संख्येमागचं कारण.

उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड. उलटे लावून वजा करा. येतं ९९९ पट (अ – ड), अधिक ९० पट (ब – क). ३५२४ साठी अंक ५, ४, ३, २. बाहेरचा फरक ३, आतला फरक १. म्हणून २९९७ अधिक ९०, ३०८७. ताळा जुळला.

आता बघा काय झालं. उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही. फक्त दोन फरकांवर आहे. बाहेरचा फरक १ ते ९, आतला शून्यापासून जास्तीत जास्त बाहेरच्याइतका. अशा जोड्या किती? दोन, अधिक तीन, अधिक चार, असं दहापर्यंत. ५४.

पुढची शून्यं धरून चार अंकांच्या ९,९९० संख्या होत्या. तपासायला उरल्या ५४ जोड्या. वहीच्या एका पानावर मावतात.

इथे वापरा मॅनिम. ९,९९० ठिपके दाखवा, ते ५४ जागी गोळा होताना दाखवा, मग प्रत्येक जागेवरून पुढच्या जागेकडे बाण काढा, आणि सगळे बाण वळत वळत एकाच ठिकाणी येताना दिसू द्या. हे तोंडाने सांगून कळत नाही, कागदावर काढायला वेळ लागतो. ॲनिमेशनचा खर्च इथे वसूल होतो. संगणक ९,९९० संख्या डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासेल, आणि 'हो, सगळ्या पोचतात' म्हणेल. का पोचतात, हे ५४ जोड्या सांगतील.

असा व्हिडिओ मराठीत हवा. मराठीत 'गणित' असं शोधलं की बहुतेक समोर येतं ते परीक्षेचं. स्कॉलरशिप, बोर्ड, पोलीस भरती, एमपीएससी. ते लागतं, त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही. पण ज्याची परीक्षा नाही, ज्याला नुसतं कुतूहल आहे, त्या आठवीतल्या मुलीने कुठे जायचं? इंग्रजीत तिच्यासाठी दालनं भरली आहेत. मराठीत तिच्यासमोर पुन्हा 'महत्त्वाचे प्रश्न'.

छोट्यांनी हीच जागा घ्यावी. परीक्षेचा बाजार मोठ्या क्लासवाल्यांनी व्यापला आहे, तिथे चारशेवाल्याचा टिकाव लागत नाही. कुतूहलाचा बाजारच नाही. म्हणून तिथे कोणी हाकलून देणार नाही.

शिक्षकांनो, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी सँडरसनकडेही नाही. समोर बसलेला वर्ग. कुठल्या वाक्याला मुलांच्या कपाळावर आठी येते, हे तुम्हाला रोज दिसतं. तीच आठी व्हिडिओत आणा. तिला आधी बोलू द्या, मग उत्तर द्या. म्युलरच्या पीएचडीत जे सिद्ध करावं लागलं, ते तुम्ही वर्गात रोज पाहता.

आणि मधेच स्पष्ट सांगा, 'आता व्हिडिओ थांबवा'. पडद्यावर प्रश्न ठेवा आणि गप्प बसा. खरोखर गप्प. संगीतसुद्धा नको.

निम्मे लोक निघून जातील. जाऊ द्या.

विषय हवा असेल तर एक सुचवतो. मास्तरांचाच खेळ, पण दोन अंकी संख्यांवर. ९० वजा ०९, ८१. मग ६३. मग २७. मग ४५. मग ०९. आणि पुन्हा ८१. इथे एकही संख्या थांबत नाही, पाचजणींचा फेरा फिरत राहतो. तीन अंकी घेतल्या तर ४९५ ला थांबतात. चार अंकी ६१७४ ला. दोन अंकींनाच थांबा का नाही?

सूत्र एका ओळीचं आहे, ९ पट (अ – ब). नऊच किमती तपासायच्या. दहा मिनिटांत बसतं, ॲनिमेशनची गरज नाही, खडू-फळा पुरतो. या आठवड्यात कोणीतरी करा.